घरामागे खेळाचे कोर्ट बांधायचे आहे? गोंदियात आधी पाण्याचा हिशेब करा

निळ्या-हिरव्या रंगाचे चकचकीत कोर्ट, चार बाजूंना दिवे, मधे जाळी आणि खेळणारे अख्खे कुटुंब. असे रील पाहिले की आपल्याही घरामागे असे काही असावे असे वाटतेच. गोंदिया शहराच्या कडेला, तिरोडा, आमगाव किंवा देवरीकडे घर असेल तर घरामागे दीड-दोन गुंठे मोकळी जागा असणे काही दुर्मीळ नाही. मुले मोबाइल सोडून बाहेर येतील, संध्याकाळी आई-बाबाही चार हात खेळतील, हा विचार चांगलाच आहे.

पण रीलमध्ये दिसतो तो कोर्टचा सर्वांत वरचा थर. त्याची जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असते. कोर्ट दहा वर्षे टिकणार की दुसऱ्याच पावसाळ्यात फुगून तडकणार, हे ठरते त्याच्या खालच्या दोन फुटांत. त्यातही गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इथे जमिनीखालचे पाणी आधी समजून घ्यावे लागते. म्हणून या लेखात रंगापेक्षा पाण्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

घरामागचे कोर्ट ही कल्पना आली कुठून?

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी मोकळ्या अंगणात जाळी बांधून फुलाचा खेळ खेळत. त्या खेळाला तेव्हा ‘पूना’ असेही म्हणत. पुढे तोच बॅडमिंटन म्हणून जगभर गेला.

सध्या गाजत असलेला पिकलबॉल तर घराच्या अंगणातच जन्मला. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरी मुले कंटाळली होती. अंगणात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण खेळाचे पूर्ण साहित्य सापडेना. मग प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांनी टेबल टेनिसच्या बॅट आणि भोके असलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन खेळ सुरू केला. बार्नी मॅक्कॅलम हे तिसरे मित्र नंतर सामील झाले आणि तिघांनी नियम बसवले. खास या खेळासाठीचे पहिले कायमचे कोर्ट १९६७ मध्ये बांधले गेले, तेही एका शेजाऱ्याच्या परसातच. भारतात हा खेळ रुजवला मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. अखिल भारतीय पिकलबॉल असोसिएशन २००८ मध्ये सुरू झाली.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी की पिकलबॉलचे कोर्ट आणि बॅडमिंटनचे दुहेरीचे कोर्ट एकाच मापाचे असते. एका जागेत दोन खेळ बसतात. फक्त जाळीची उंची बदलावी लागते.

कोणत्या खेळाला किती जागा लागते?

- पिकलबॉल: रेषांच्या आत ४४ × २० फूट. मागे-बाजूला धावायची जागा धरून किमान ६० × ३० फूट. जाळी कडेला ३६ इंच, मध्यभागी ३४ इंच.
- बॅडमिंटन: रेषांच्या आत तेच ४४ × २० फूट. जाळी मध्यभागी ५ फूट, खांबापाशी ५ फूट १ इंच.
- व्हॉलीबॉल: १८ × ९ मीटर, म्हणजे सुमारे ५९ × २९.५ फूट. चारही बाजूंना ३ मीटर मोकळे सोडले तर सुमारे ७९ × ४९ फूट.
- कबड्डी: पुरुषांसाठी १३ × १० मीटर, महिलांसाठी १२ × ८ मीटर.
- बास्केटबॉल, तीन विरुद्ध तीन: १५ × ११ मीटर आणि एकच रिंग, जमिनीपासून १० फुटांवर. नुसता सराव करायचा असेल तर ३० × ३० फूटही चालते.

घरगुती वापरासाठी ६० × ३० फूट हे सर्वांत सोयीचे माप आहे. हे झाले १,८०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १.६५ गुंठे. पुढचे सगळे हिशेब याच मापावर केले आहेत. जागा कमी असेल तर मागची मोकळी जागा कापू नका, लहान खेळ निवडा. भिंतीवर आदळून झालेली दुखापत कोर्टापेक्षा महाग पडते.

कोर्टाची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा. तशी ठेवली तर सकाळ-संध्याकाळचे ऊन थेट डोळ्यांवर येत नाही. सेप्टिक टँक, चेंबर, बोअरवेल किंवा जमिनीखालची पाइपलाइन कोर्टाखाली येऊ देऊ नका. एकदा वर काँक्रीट पडले की दुरुस्तीसाठी ते फोडावेच लागते.

गोंदियात पाण्याचा प्रश्न वेगळा का आहे?

गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १,८०० चौरस फुटांच्या कोर्टावर वर्षभरात दोन लाख लिटर पाणी पडते. एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका दिवसाचेच पाणी सुमारे १६,७०० लिटर होते. म्हणजे पाच हजार लिटरचे तीन टँकर भरून वर उरेल. काँक्रीट यातले काहीच पीत नाही. एवढे पाणी कुठे जाणार, याचे उत्तर कोर्ट बांधण्याआधी तयार हवे.

दुसरी गोष्ट जमिनीची. शहराभोवतीचे अनेक प्लॉट काही वर्षांपूर्वी धानाच्या बांध्या होत्या. बांधी म्हणजे पाणी अडवून धरण्यासाठी तयार केलेली जमीन. वर्षानुवर्षे चिखलणी केली की मातीतली छिद्रे बुजतात आणि नांगराच्या तळाशी एक घट्ट थर तयार होतो. त्या थरामुळेच धानात पाणी उभे राहते. शेतकऱ्याला हेच हवे असते. कोर्टाला मात्र याच्या अगदी उलट हवे असते: पाणी उभे राहता कामा नये, ना वर, ना खाली. प्लॉट पाडताना वरून मुरूम टाकला म्हणून खालचा तो थर जात नाही. पावसाचे पाणी मुरमातून उतरते, त्या थरावर अडते आणि कोर्टाच्या पोटात साचून राहते.

तिसरी गोष्ट मातीच्या जातीची. या भागातली जुनी माणसे मातीला नावानिशी ओळखतात: कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी. कन्हार ही काळी, जड, चिकण माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टाकलेले काँक्रीट दरवर्षी थोडे वर उचलले जाते आणि थोडे खाली बसते. तडे तिथूनच सुरू होतात. बरडीसारखी खडेमिश्रित जमीन कोर्टासाठी बरी. म्हणजे जी जमीन शेतीला कमी प्रतीची, ती कोर्टाला चांगली.

शेजारी अजून शेती होत असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. इटियाडोह किंवा पुजारीटोल्याच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या भागात उन्हाळी धान घेतले जाते. तिथे ऐन एप्रिलमध्येही बाजूच्या बांधीत पाणी उभे असते आणि ओल जमिनीतून सरकत तुमच्या हद्दीत येते.

आपली जमीन कशी आहे, हे घरच्या घरी कसे ओळखायचे?

सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे एक पावसाळा नुसते बघणे. मोठ्या पावसानंतर जागेचे फोटो काढा. पाणी कुठून येते, कुठे साचते, किती तासांत ओसरते हे टिपून ठेवा. पुढे ठेकेदाराशी बोलताना हे फोटो कामी येतात. याशिवाय दोन चाचण्या करा.

खड्ड्याची चाचणी: जागेच्या तीन ठिकाणी दोन-दोन फूट खोल खड्डे घ्या. त्यात पाणी भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही दिसत असेल, तर ‘पाणी जमिनीत मुरेल’ या भरवशावर राहू नका. खड्ड्याच्या भिंतीकडेही पाहा. मातीचे थर आणि तो जुना घट्ट थर तिथे दिसतो.

वळीची चाचणी: दोन फुटांवरची माती ओली करून तळहातावर वळा. पेन्सिलीपेक्षा बारीक वळी न तुटता होत असेल तर मातीत चिकणमाती भरपूर आहे. अशा वेळी प्रयोगशाळेत मातीची फुगण्याची चाचणी करून घ्या. एकूण खर्चापुढे ती फी किरकोळ असते.

कोर्टाच्या खाली काय काय असावे?

खालून वर असा क्रम ठेवा.

१. खोदाई. गवत, मुळे आणि वरची सुपीक माती काढून टाका. जुन्या बांधीचा घट्ट थर लागला तर तोही फोडून काढा. माती कन्हार असेल तर दीड ते दोन फूट खोदून ती पूर्ण बदलणे चांगले. काढलेली माती फेकू नका, परसबागेला ती उत्तम.

२. मुरूम. एकदम न टाकता सहा-सहा इंचांचे थर करा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. सहा इंच दाबलेल्या थरासाठी ९ ब्रास मुरूम लागतो. दाबल्यावर तो बसतो, म्हणून ११ ते १२ ब्रास मागवावा लागतो. मुरूम हे गौण खनिज आहे. गाडीबरोबर रॉयल्टीचा पास आहे का ते विचारा आणि त्याची प्रत ठेवा.

३. गिट्टी आणि चुरी. चार ते सहा इंचांचा दाबलेला थर. खालून वर येणारी ओल हा थर तोडतो.

४. जाड प्लॅस्टिकचा कागद. वर रंगाचा थर देणार असाल तर हा हवाच. नाहीतर खालची वाफ रंगाला फोड आणते.

५. काँक्रीट. एम-२० प्रतीचे, चार इंच जाड. ६० × ३० फुटांसाठी हे ६ ब्रास, म्हणजे सुमारे १७ घनमीटर होते. त्याला सिमेंटच्या अंदाजे १३० ते १४० गोण्या लागतात. आत सळ्यांची जाळी टाकणार असाल तर ती ठोकळ्यांवर उचलून धरा. जमिनीवर पडून राहिलेल्या जाळीचा काही उपयोग नाही.

६. सांधे. काँक्रीट आकसताना तडकणारच. ते कुठे तडकावे हे आपण ठरवायचे. साधारण दहा-दहा फुटांचे चौकोन पाडून कटरने एक इंच खोल काप द्यावा, तोही काँक्रीट टाकल्यापासून दिवसभराच्या आत. ६० × ३० फुटांत असे १८ चौकोन बसतात आणि एक सांधा बरोबर जाळीखाली येतो.

त्यानंतर पाणी मारणे. बाजारात मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस सतत ओल हवी. रंगाचा थर २८ दिवसांआधी देऊ नका. ‘आठवड्यात कोर्ट तयार’ म्हणणाऱ्याला हे २८ दिवस कुठे गेले, असे विचारा.

उतार किती द्यायचा?

शंभर फुटाला एक फूट. ३० फूट रुंदीला हे साधारण साडेतीन इंच होतात. खेळताना हा उतार जाणवत नाही, पाण्याला मात्र पुरतो. उतार एकाच दिशेला द्या, एका बाजूच्या रेषेकडून दुसऱ्या बाजूच्या रेषेकडे. मधे उंचवटा करून दोन्हीकडे उतार दिला तर चेंडूची उसळी आणि जाळीची उंची दोन्ही बिघडतात.

कोर्टाची सर्वांत खालची कडही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच वर हवी. खालच्या कडेला नाली काढा. शेताच्या बाजूने ओल येत असेल तर त्या बाजूला कोर्टाच्या पायापेक्षा खोल चर खणून त्यात गिट्टी भरा. ते पाणी कोर्टाखाली न जाता चरातून निघून जाईल.

नालीचे पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत सोडू नका. कोर्टामुळे होणाऱ्या भांडणांचे मूळ खेळापेक्षा पाण्यात जास्त असते. गाळणी लावून ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पुनर्भरणाला देता येते, परसबागेकडे वळवता येते किंवा नगर परिषदेच्या नालीला जोडता येते. चिकण जमिनीत नुसता शोषखड्डा पुरत नाही. पहिल्या मोठ्या पावसातच तो भरून जातो.

वरचा थर कोणता निवडावा?

- माती-मुरूम: सर्वांत स्वस्त आणि गुडघ्यांना मऊ. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलसाठी उत्तम. मात्र पावसाळ्यात बंद, आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर माती भरून, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो.
- साधे काँक्रीट: टिकाऊ. वर झाडूचे ओरखडे ठेवले तर पाय घसरत नाही. घोटून गुळगुळीत केलेला कोबा पावसात धोक्याचा.
- काँक्रीटवर ॲक्रेलिक रंग: उसळी एकसारखी, पाय पकडून राहतो, दिसायला छान. काही वर्षांनी पुन्हा थर द्यावा लागतो.
- एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या टाइल्स: पाणी फटींतून खाली जाते, खराब झालेली एकच टाइल बदलता येते. पण खालचा पाया सपाट आणि उताराचाच हवा.
- कृत्रिम गवत: बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलसाठी. मे महिन्याच्या दुपारी ते प्रचंड तापते.

पेव्हिंग ब्लॉक किंवा शहाबादी फरशीवर कोर्ट करू नका. सांध्यांवर चेंडू वेडावाकडा उसळतो आणि बोट अडकून पाय मुरगळतो.

पैसे कमी असतील तर पाया, उतार आणि नाली पूर्ण करून साध्या काँक्रीटवर थांबा. रंग पुढच्या वर्षीही देता येतो. पाया मात्र नंतर घालता येत नाही.

दिवे, आवाज आणि विजा

गोंदिया राज्याच्या पूर्व टोकाला आहे. इथला सूर्य मुंबईच्या साधारण अर्धा तास आधी मावळतो, डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास. त्यामुळे शाळा-नोकरीनंतर खेळायचे तर दिवे लागणारच. खांब रेषांच्या बाहेर ठेवा आणि प्रकाश खाली कोर्टावर वळवा, शेजाऱ्याच्या खिडकीवर नको. खांबांना अर्थिंग आणि त्या लाइनला गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र हवेच. ओल्या जमिनीवर अनवाणी मुले खेळणार आहेत, हे विसरू नका.

पिकलबॉलचा ‘टॉक-टॉक’ आवाज दूरवर जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र १० वाजता सुरू होते. खरे तर नियमापेक्षा शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवणे जास्त कामाचे.

पावसाळ्याच्या तोंडावर इकडे विजांचा कडकडाट खूप. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून घरात जायचे, हा नियम पहिल्याच दिवशी मुलांना सांगा. लोखंडी खांबांच्या मधे उभे राहून डाव पूर्ण करायचा नसतो.

परवानगी लागते का?

प्लॉट अकृषिक आहे की सात-बारावर अजून शेती आहे, हे आधी पाहा. शेतजमीन असेल तर काम सुरू करण्याआधी तहसील कार्यालयात विचारा. शहरात असाल तर उंच जाळी, खांब किंवा शेड टाकण्याआधी नगर परिषदेच्या नगररचना विभागात चौकशी करा. शहरी हद्दीतले झाड तोडायचे असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. कोर्ट तासावर भाड्याने द्यायचे ठरवले तर तो व्यवसाय होतो. मग परवानगी, मालमत्ता कर आणि वीजजोडणी हे तिन्ही विषय नव्याने उभे राहतात.

काम केव्हा सुरू करावे?

पावसाळाभर निरीक्षण करा. धान कापणीनंतर, नोव्हेंबरच्या शेवटी खोदाई. डिसेंबर-जानेवारीत मुरूम, गिट्टी आणि काँक्रीट. फेब्रुवारीत रंग. एप्रिल-मे महिन्यांत काँक्रीट टाकले तर उन्हाने पाणी झपाट्याने उडते आणि बारीक तडे पडतात.

शेवटचे पैसे देण्याआधी ही एक चाचणी करा

काँक्रीट पक्के झाल्यावर आणि रंग देण्याआधी संपूर्ण कोर्टावर नळीने भरपूर पाणी सोडा. चांगले ऊन असलेल्या दिवशी एक तास थांबा. जिथे पाणी साचलेले दिसेल तिथे एक रुपयाचे नाणे ठेवा. नाणे पाण्यात पूर्ण बुडत असेल तर तो खळगा भरून घ्यायला सांगा. ही अट करारात आधीच लिहून घ्या आणि रकमेचा एक हिस्सा पहिला पावसाळा संपेपर्यंत हातचा ठेवा. खळगा आता भरायला एक दिवस लागतो. रंग दिल्यावर तेच काम करायचे तर रंगही पुन्हा द्यावा लागतो.

ज्या जिल्ह्यात पाणी अडवून शेती आणि तलाव उभे राहिले, तिथे पाण्याची चाल ओळखणारी माणसे घरोघरी आहेत. ठेकेदाराला बोलावण्याआधी घरातल्या आजोबांना किंवा शेजारच्या शेतकऱ्याला त्या जागेवर घेऊन जा आणि एकच प्रश्न विचारा: इथे पाणी कुठे थांबते? त्यांनी बोट दाखवले, की नाली कुठून काढायची हे निम्मे ठरलेच.